जुन्या काळातली प्रेमकथा घरच्यांसोबत पाहावी का? आधीच कसं ठरवायचं

जुन्या काळातली प्रेमकथा म्हटली की घरातली निम्मी मंडळी आपोआप निर्धास्त होतात. नऊवारी, पगड्या, मेणे, नाहीतर विलायती झगे आणि मेणबत्त्यांची झुंबरं. यात नको ते काय असणार, असा सगळ्यांचा समज. पण पोशाखावरून आशय कळत नाही. 'प्राइड अँड प्रेज्युडिस' ही कादंबरी १८१३ साली आली. तिच्यावरच्या २००५च्या चित्रपटाला ब्रिटनमध्ये 'यू', म्हणजे सगळ्यांसाठीचं, आणि अमेरिकेत 'पीजी', म्हणजे मुलांबाबत पालकांनी ठरवावं असं प्रमाणपत्र मिळालं. 'ब्रिजर्टन' मालिकेची गोष्टही १८१३ सालातच सुरू होते. झगे तसेच, नाचाचे समारंभ तसेच, आणि तिला अमेरिकेत 'टीव्ही-एमए', म्हणजे प्रौढांसाठीचा दर्जा आहे. दोन्हींची पोस्टर शेजारी ठेवली तर घरातल्या मोठ्या माणसालाही कोणतं कोणासाठी ते सांगता येणार नाही.

ठाण्यात किंवा नवी मुंबईत टूबीएचकेच्या हॉलमध्ये शनिवारी रात्री टीव्ही लागतो तेव्हा समोर सहा वर्षांच्या नातीपासून पंच्याहत्तरीच्या आजींपर्यंत सगळे असतात. नको तो प्रसंग आला तर उठून जायला जागा नसते, आणि बेडरूमचं दार लावलं तरी आवाज आत पोचतोच. म्हणून निर्णय आधी घ्यायचा. नीट केलं तर एका चित्रपटाला पाऊण तास लागतो. मालिकेला थोडा जास्त.

आधी माणसं, मग चित्रपट

सुरुवात चित्रपटापासून करू नका. त्या दिवशी हॉलमध्ये कोण बसणार हे आधी ठरवा. सगळ्यात लहान मूल किती वर्षांचं, सगळ्यात वडीलधारं कोण, आणि सध्या कुणाच्या मनावर कसलं ओझं आहे, एवढं पाहा. हे तिसरं बहुतेकदा राहून जातं. चुंबनाचा प्रसंग आला तर आजींना कसं वाटेल याची चिंता सगळे करतात. पण आजोबांना जाऊन सहा महिनेच झालेत आणि पडद्यावर तरुण विधवेच्या केशवपनाचा प्रसंग येणार आहे, हे कुणी लक्षात घेत नाही. जुन्या काळातल्या प्रेमकथांमध्ये बाळंतपणातले मृत्यू, क्षयाने खंगणं, रणांगणावरून परत न येणारा नवरा, हे सगळं भरपूर असतं. घरात नुकतंच कुणाचं मूल गेलं असेल, लग्न मोडलं असेल, कुणी दीर्घ आजारी असेल, तर 'यू' प्रमाणपत्राचा चित्रपटही त्या दिवशी त्या घरासाठी योग्य नसतो.

दुसरी गोष्ट, अवघडलेपणा आणि इजा यांची गल्लत करू नका. बहुतेक घरांत सगळं लक्ष पहिल्यावर असतं. नायक-नायिकेचं चुंबन आलं, सगळ्यांनी मोबाइलकडे पाहिलं, चाळीस सेकंद शांतता पसरली, संपलं. यातून कुणाचंही नुकसान होत नाही. याउलट नायिका तीनदा नाही म्हणते, नायक तिला वाड्यात कोंडून ठेवतो, आणि शेवटी ती त्याच्याच प्रेमात पडते. पूर्ण कपड्यांत, सुंदर संगीतात, दोन तास हे चाललेलं असतं आणि हॉलमध्ये कुणालाही अवघडल्यासारखं होत नाही. चौदा वर्षांची मुलगी आणि सोळा वर्षांचा मुलगा मात्र त्यातून प्रेमाची एक व्याख्या उचलतात. जुन्या काळातल्या प्रेमकथेची पारख करताना खरी मेहनत इथे घ्यावी लागते. अंगप्रदर्शन तर पाच मिनिटांत शोधता येतं.

प्रमाणपत्रावरून काय कळतं आणि काय नाही

चित्रपटगृहात लागणाऱ्या चित्रपटाला केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाचं, म्हणजे आपण सेन्सॉर बोर्ड म्हणतो त्याचं, प्रमाणपत्र लागतं. मार्च २०२४ पासूनच्या नियमांनुसार 'यूए'चे तीन भाग झाले: यूए ७+, यूए १३+ आणि यूए १६+. त्याआधीच्या चित्रपटांवर नुसतं 'यूए' दिसेल. तिथे बारा वर्षांखालच्या मुलांबाबत पालकांनी ठरवावं, एवढाच अर्थ होता. त्यामुळे २०१५चा 'यूए' आणि आत्ताचा 'यूए १३+' एकाच तागडीत घालू नका. जुन्या 'यूए'त अगदी सौम्य चित्रपटही आहेत आणि आज १६+ मध्ये गेले असते असेही आहेत.

'यूए' कोणतंही असो, ती बंदी नसते, तो पालकांना दिलेला इशारा असतो. 'ए' मात्र बंदी आहे. अठरा वर्षांखालच्या कुणालाही, आईवडील सोबत असले तरी, 'ए' चित्रपटाला चित्रपटगृहात घेऊन जाता येत नाही, आणि कडेवरचं बाळही याला अपवाद नाही.

ओटीटीवरची गोष्ट वेगळी. तिथे २०२१च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार कंपनी स्वतःच वर्गवारी करते: यू, ७+, १३+, १६+ आणि ए. वयाच्या आकड्याशेजारी कारण द्यावं लागतं, आणि तेच जास्त उपयोगाचं. आकडा १६+ आणि कारण 'शिवीगाळ' असेल तर एक निर्णय. आकडा १६+ आणि कारण 'लैंगिक हिंसा' असेल तर सर्वस्वी वेगळा. ही ओळ सुरुवातीला काही सेकंद कोपऱ्यात दिसते आणि नेमक्या त्याच वेळी सगळे पंखा, दिवे, पाण्याच्या बाटल्या यांत गुंतलेले असतात. चित्रपटाच्या माहितीच्या पानावर ती आधीच वाचून घ्या.

टीव्हीवर पाहिलेला चित्रपट ओटीटीवर जसाच्या तसा असेल, असंही धरून चालू नका. 'ए' प्रमाणपत्राचा चित्रपट वाहिनीवर दाखवायचा तर काटछाट करून 'यू' किंवा 'यूए' घ्यावं लागतं. ओटीटीवर पुष्कळदा मूळ, न कापलेली आवृत्ती असते. 'आम्ही हा झी किंवा सोनीवर सगळ्यांनी पाहिलाय' हा पुरावा म्हणून अपुरा आहे.

इंग्रजी चित्रपट असेल तर तिकडच्या प्रमाणपत्रामागचं कारण शोधा. अमेरिकेतल्या पद्धतीत एका विशिष्ट लैंगिक शिवीचा वापर एकदा झाला तर पीजी-१३ (तेरा वर्षांखालच्या मुलांबाबत पालकांना इशारा) मिळू शकतं, एकाहून अधिक वेळा झाला तर साधारणपणे 'आर' (सतरा वर्षांखालच्यांना मोठ्यांसोबतच प्रवेश) मिळतं. म्हणजे नुसत्या शिव्यांमुळे 'आर' झालेला, बाकी निर्मळ चित्रपट असू शकतो, आणि तो हिंदी डबिंगमध्ये पाहिला तर त्या शिव्याही बऱ्याचदा सौम्य होतात. ब्रिटनच्या 'बीबीएफसी' मंडळाच्या संकेतस्थळावर बहुतेक चित्रपटांखाली हिंसा, लैंगिकता, भाषा, धोकादायक वर्तन यांवर दोन-तीन ओळी असतात. इतक्या नेमक्या आणि भडकपणा नसलेल्या नोंदी फार थोड्या ठिकाणी मिळतात. 'आयएमडीबी'च्या पालक मार्गदर्शकात पाच विभाग असतात: लैंगिकता, हिंसा, शिवीगाळ, दारू-तंबाखू आणि भीतिदायक प्रसंग. तिथली 'सौम्य', 'मध्यम', 'तीव्र' ही मतं प्रेक्षकांनी दिलेली असतात. कुठल्यातरी देशातल्या प्रेक्षकाचं 'सौम्य' आपल्या हॉलमध्ये सौम्य ठरेलच असं नाही. मत सोडा, खाली लिहिलेलं वर्णन वाचा. तिथे प्रत्येक प्रसंगात काय दिसतं ते लिहिलेलं असतं.

मराठी आणि हिंदी चित्रपटांसाठी अशा नोंदी तोकड्या असतात. तिथे दोन गोष्टी कामाला येतात: गाणी आणि इतिहास.

गाणी आणि इतिहास

आपल्याकडच्या ऐतिहासिक प्रेमपटात जवळीक संवादांत कमी आणि गाण्यांत जास्त असते. महालातलं गाणं, पावसातलं गाणं, कोठ्यावरची बैठक. ही गाणी चित्रपटाआधीच यूट्यूबवर येतात. सगळी पाहा, ट्रेलरपेक्षा लक्षपूर्वक पाहा. ट्रेलर फसवतो, तोही दोन्ही बाजूंनी: कधी दोन सेकंदांचं चुंबन तीनदा दाखवतो, कधी संपूर्ण युद्ध लपवून फक्त मोहरलेली झाडं दाखवतो.

इतिहास तर शेवट आधीच सांगून ठेवतो. थोरले माधवराव पेशवे १७७२ साली थेऊरला वारले आणि रमाबाई तिथे सती गेल्या. या दोघांच्या प्रेमावर कुणीही चित्रपट काढला तरी शेवटाकडे चिता येणार, हे समीक्षा न वाचता कळतं. फाळणीच्या पार्श्वभूमीवरची प्रेमकथा म्हटली की १९४७च्या आगगाड्या, जाळपोळ आणि बायकांवरचे अत्याचार येतात. सगळ्या प्रकारांत ही सर्वांत जड. पोस्टरवर कितीही मोहरीची शेतं असोत, बारा वर्षांखालच्या मुलांना ती बहुधा झेपत नाही. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडची गोष्ट असेल तर क्षय, बाळंतपण, कर्ज, अनौरस मूल. पहिल्या महायुद्धाची असेल तर खंदक. लखनौच्या कोठ्याची असेल तर मुलींची विक्री कुठेतरी असणारच, गझलेच्या आडून का होईना.

कादंबरीवरून काढलेला चित्रपट असेल तर कादंबरी मिळवणं सोपं आहे. ठाण्यातलं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ सालापासून सुरू आहे. अनुवादित इंग्रजी कादंबऱ्याही चांगल्या वाचनालयांत मिळतात. सगळी वाचायची गरज नाही. शेवटची दोन प्रकरणं आणि लग्नानंतरचं पहिलं प्रकरण वाचलं तरी पुरेसा अंदाज येतो. दिग्दर्शक शेवट बदलतात, पण मधली दुखरी जागा सहसा तीच राहते.

वीस मिनिटांची चाचणी

पूर्ण चित्रपट आधी पाहून घेणं सर्वात उत्तम, पण दर शनिवारी कुणाला जमणार? त्याऐवजी पाच ठिकाणी चार-चार मिनिटं पाहा. ठिकाणं ठरावीक ठेवा: एकूण लांबीच्या १०, २५, ५०, ७० आणि ९० टक्क्यांवर. १३० मिनिटांच्या चित्रपटात हे साधारण १३व्या, ३३व्या, ६५व्या, ९१व्या आणि ११७व्या मिनिटाला येतं.

प्रत्येक जागेचं काम वेगळं आहे. १० टक्क्यांवर भाषा आणि वेग कळतो: संवाद किती जड आहेत, सहा-सात वर्षांचं मूल टिकेल का. २५ टक्क्यांच्या सुमारास दोघं भेटलेली असतात. तो तिच्याशी कसा बोलतो ते इथे पाहा. मध्यावर नातं पक्कं होतं किंवा लग्न होतं, आणि शारीरिक जवळिकीचे प्रसंग बहुतेकदा इथून ७० टक्क्यांच्या दरम्यान सापडतात. ७० टक्क्यांवर ताटातूट, मारहाण, विश्वासघात. ९० टक्क्यांवर मरण असलं तर ते, किंवा त्याची चाहूल. मध्य ते ७० टक्के हा पट्टा प्रगतीपट्टीवर बोट ठेवून हळूहळू सरकवत पाहिला, तर छोट्या चित्रांवरूनच संशयास्पद जागा हाती लागतात. तिथे थांबा आणि वेळ लिहून ठेवा.

ही चाचणी मुलांच्या किंवा सामायिक प्रोफाइलवर करू नका. अर्धवट पाहिलेला चित्रपट 'पुढे पाहा'च्या रांगेत येऊन बसतो, आणि तुम्ही नको म्हणालात तोच चित्रपट मुलांच्या डोळ्यांसमोर राहतो. स्वतःच्या, पिन असलेल्या प्रोफाइलवर करा.

इंग्रजी चित्रपट असेल तर ज्या भाषेत घरचे पाहणार तोच आवाज आणि तीच उपशीर्षकं लावून तपासा. डबिंगमध्ये 'हरामखोर'वर भागलेलं असतं, खाली उपशीर्षकात मात्र मूळ शिवी शब्दशः असते. आजी ऐकतात, नातू वाचतो.

मालिकेला ही पद्धत पुरत नाही. सगळ्या भागांवर बहुधा एकच वयाची पाटी असते, पण पहिले दोन भाग सौम्य आणि पाचवा एकदम वेगळा, असं सर्रास होतं. पहिला भाग पाहून निर्णय घेणं ही इथली सर्वात मोठी चूक. आठ भागांची मालिका असेल तर प्रत्येक भागाचा सारांश वाचा, लग्न ज्या भागात होतं तो आणि त्याच्या पुढचा असे दोन भाग आधी पाहा.

प्रेम कशाला म्हटलंय ते पाहा

आता मुख्य भाग. त्या काळात अन्याय होते म्हणून चित्रपटात अन्याय दिसणारच, त्याबद्दल तक्रार नाही. तपासायचं ते हे की चित्रपट त्या अन्यायाकडे कोणाच्या नजरेने पाहतो.

तिच्या नकारानंतर काय होतं, इथून सुरुवात करा. तो मागे हटतो, की पाठलाग वाढवतो? पाठलाग वाढवला तर त्याला किंमत मोजावी लागते, की बक्षीस म्हणून तीच मिळते? 'तिच्या नकारात होकार होता' असं एखादं पात्र म्हणत असेल आणि चित्रपट पुढे ते खरं करून दाखवत असेल, तर वाढत्या वयाच्या मुलांसोबत तो पाहू नये, आणि पाहिलाच तर गप्प बसून पाहू नये.

पहिल्या रात्रीचा प्रसंग स्वतंत्रपणे तपासा. ठरवून झालेल्या लग्नात नवरा-बायको एकमेकांना ओळखतही नसतात. तिच्या भीतीला चित्रपट जागा देतो का? इथे एक साधी युक्ती आहे: तो प्रसंग आवाज बंद करून पुन्हा पाहा. सारंगी आणि व्हायोलिन गेले की तिचा चेहरा उरतो. संगीतासह जो प्रसंग मोहक वाटत होता तो आवाजाविना जबरदस्तीचा दिसू लागला, तर मुलांपर्यंत काय पोचणार ते कळलं. हात धरून ओढणं, दार लावून घेणं, भिंतीशी अडवणं, या सगळ्यांना ही चाचणी लागू पडते, आणि ती क्वचितच फसते.

मग वय. कल्याणला १८६५ साली जन्मलेल्या आनंदीबाई जोशींचं लग्न नवव्या वर्षी झालं. गोपाळराव बिजवर होते आणि त्यांच्याहून सुमारे वीस वर्षांनी मोठे. चौदाव्या वर्षी त्यांना मूल झालं आणि ते काही दिवसांतच गेलं. त्या काळातली ही अपवादात्मक घटना नव्हे. संमतिवयाचा कायदा झाला १८९१ साली, आणि त्यानेही वय दहावरून बारावर नेलं, इतकंच. मुलीचं लग्नाचं वय चौदा करणारा शारदा कायदा १९२९चा. त्यामुळे एकोणिसाव्या शतकातल्या मराठी घरातली कोणतीही दांपत्यकथा पडद्यावर आली की हा विषय असणार. अडचण अशी की चित्रपटात पंचविशीची अभिनेत्री ती भूमिका करते. मुलांना पडद्यावर एक तरुण स्त्री दिसते, बारा वर्षांची मुलगी दिसत नाही, आणि बालविवाह गोड प्रेमकथा होऊन जातो. असा चित्रपट टाळायची गरज नाही. चित्रपट सुरू होण्याआधी एवढंच सांगायचं: "ही गोष्टीत तुझ्या वर्गातल्या मुलीएवढी आहे, बरं का." बारा वर्षांच्या मुलासाठी सगळा चित्रपट त्या एका वाक्याने बदलतो.

सत्तेचा फरकही पाहा: राजा आणि दासी, जमीनदार आणि मोलकरीण, गोरा साहेब आणि आया. तिला नाही म्हणायची सोय होती का, हा प्रश्न चित्रपट विचारतो का? जातीवाचक बोलणं, काळ्या रंगाची थट्टा, नोकराला दिलेली लाथ हे 'त्या काळचं' म्हणून दाखवलंय की विनोद म्हणून, तेही बघा. विनोद असेल तर हॉलमध्ये हशा पिकतो आणि लहान मूल त्या हशातून शिकतं.

शेवटी मरण. प्रेमासाठी विष घेणं, नदीत उडी, चितेत प्रवेश. सतीचं उदात्तीकरण हा १९८७च्या कायद्याने गुन्हा आहे, म्हणून अशा चित्रपटांच्या सुरुवातीला खुलाशाची पाटी असते. पाटी आली आणि गेली. त्यानंतर दहा मिनिटं संथ गतीत, शंखनादात, लाल साड्यांत चाललेला प्रसंग कशाकडे झुकतो ते स्वतः पाहून ठरवा. आत्महत्येबाबत तर जास्तच काटेकोर राहा. मरणाने प्रेम जिंकलं, मागे राहिलेल्यांना धडा मिळाला, दोघं ढगांत पुन्हा भेटली, असा शेवट असेल आणि घरात नैराश्यातून जात असलेलं किंवा नुकतंच मन मोडलेलं कुणी असेल, तर दुसरा चित्रपट निवडा. यात घासाघीस नको. आणि घरातल्या कुणाबद्दल तशी काळजी वाटतच असेल तर 'टेली-मानस' या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

निर्णय

एवढं झालं की उत्तर तीनपैकी एक असतं. सगळ्यांनी मिळून पाहायचा. मोठ्या मुलांसोबत, सोबत बसून, मधे बोलत पाहायचा. किंवा मुलं झोपल्यावर मोठ्यांनी पाहायचा.

साधारण सात ते दहा वर्षांच्या मुलांसाठी भीती हा मुख्य निकष. रक्ताळलेलं बाळंतपण, फाशी, घोड्याचं मरण, आईपासून मुलाची ताटातूट. चुंबनाचं त्यांना फारसं काही नसतं, 'ई' म्हणतात आणि मोकळी होतात. अकरा ते चौदा वयाला नात्यातली जबरदस्ती आणि मरणाचं उदात्तीकरण जास्त लागतं. पंधरा-सोळाच्या पुढे बहुतेक चित्रपट सोबत बसून पाहता येतात, मात्र कदाचित आजी-आजोबांसमोर नव्हे, आणि तेही मुलांनाच जास्त नको असतं.

वडीलधाऱ्यांना आधी विचारा. घरातल्या सूनबाईंनी सासूबाईंना एवढं म्हटलं तरी पुरतं: "आई, यात बाळंतपणाचा एक प्रसंग आहे, जरा अंगावर येतो. चालेल ना तुम्हाला?" बहुतेक वेळा उत्तर येतं की आम्ही प्रत्यक्षात पाहिलंय, आम्हाला काय सांगतेस. पण विचारलेलं असतं, आणि नको म्हणायची संधी मिळालेली असते.

रिमोट हातात घ्यायचा असेल तर

एक-दोन प्रसंग वगळून बाकी चित्रपट चांगला असेल तर वगळा, पण नीट. प्रसंगाची सुरुवात आणि शेवट मिनिट-सेकंदांत लिहून ठेवा. फास्ट फॉरवर्ड करू नका, त्यात तोच प्रसंग चित्राचित्राने, सगळ्यांचं लक्ष वेधून, सरकत जातो. दहा सेकंदांची उडी घेणारं बटण वापरा. ८० सेकंदांच्या प्रसंगाला आठ वेळा दाबावं लागतं. त्याहून बरं म्हणजे प्रसंगाच्या अर्धा मिनिट आधी थांबवून चहा-पाण्याची सुट्टी घोषित करायची आणि सगळे उठले की पट्टी पुढे न्यायची. वगळायच्या जागा तीनपेक्षा जास्त झाल्या, किंवा मिळून पाच मिनिटांच्या पुढे गेल्या, तर तो चित्रपट या बैठकीचा नाही, सरळ दुसरा लावा. अर्धाकच्चा चित्रपट कुणालाच समजत नाही आणि मुलांचं सगळं कुतूहल गाळलेल्या भागावर जातं.

परदेशी संकेतस्थळांवरून घेतलेली वेळ तशीच वापरू नका. आपल्याकडे तंबाखूविरोधी सूचना सुरुवातीला आणि मधे येतात, सप्टेंबर २०२३ पासून ओटीटीवरही, आणि त्यामुळे घड्याळ सरकू शकतं. जुन्या काळातल्या चित्रपटात हुक्का, चिरूट, तपकीर हमखास, त्यामुळे या सूचनाही हमखास. चार-पाच वर्षांच्या मुलाला काही वेळा चित्रपटापेक्षा या जाहिरातीतल्या जखमाच घाबरवतात, तेवढं लक्षात असू द्या.

नेटफ्लिक्सवर प्रत्येक प्रोफाइलला वयाची मर्यादा आणि चार आकडी पिन लावता येतो, आणि एखादं विशिष्ट शीर्षक नाव टाकून बंदही करता येतं. पाहता पाहता आपोआप सुरू होणारी झलक सेटिंगमधून बंद करा. नाहीतर चित्रपट निवडत असतानाच नको तो प्रसंग मोठ्या पडद्यावर चालू होतो. पुढचा भाग आपोआप सुरू होणं हेही बंदच ठेवा. प्राइम व्हिडिओचा पिन पाच आकडी असतो आणि तिथलं बंधन कोणकोणत्या उपकरणांवर लागू आहे हे निवडावं लागतं. मोबाइलवर लावून टीव्हीवर राहून गेलं, असं फार होतं.

चित्रपटगृह आणि सोसायटीचा पडदा

वाशी, सीवूड्स किंवा ठाण्यातल्या मल्टिप्लेक्समध्ये जाताना रिमोट हातात नसतो, म्हणून तिथे निकष एक पायरी कडक ठेवा: घरी चाललं असतं तो चित्रपटही शंका असेल तर तिकीट न काढता ओटीटीवर येईपर्यंत थांबवा. शुक्रवारी लागलेल्या चित्रपटाला रविवारी जा, तोवर पाहून आलेल्या दोन पालकांना नेमकं विचारता येतं. 'कसा आहे' असं विचारलं तर 'छान आहे' एवढंच उत्तर मिळतं. 'मध्यंतरानंतर मुलं घाबरली का, कुठे?' असं विचारा. लहान मूल असेल तर रांगेतली कडेची जागा घ्या.

सोसायटीत कोजागरीला किंवा गणपतीत गच्चीवर पडदा लावायचा असेल तर नियम एकच: फक्त 'यू', आणि तोही समितीतल्या दोघांनी आधी पूर्ण पाहिलेला. तिथे शेजारच्या विंगमधली कोणाची मुलं येऊन बसतील हे सांगता येत नाही, आणि त्यांच्या आईवडिलांच्या वतीने ठरवायचा अधिकार तुम्हाला नाही. घरगुती ओटीटीचं खातं अशा प्रदर्शनासाठी चालत नाही, ते वैयक्तिक वापरापुरतंच असतं. जाहीर प्रदर्शनाचे हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांची लेखी परवानगी घ्या, आणि ती निदान दोन-तीन आठवडे आधी मागा. ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद करावा लागतो, त्यामुळे अडीच तासांचा चित्रपट उशिरात उशिरा सव्वासातला सुरू झाला पाहिजे, मधली पंधरा मिनिटं मसाला दुधासाठी धरून. ऑक्टोबरात आपल्याकडे सूर्य सव्वासहाच्या आसपास मावळतो, म्हणजे सातला पडद्यावर चित्र स्वच्छ दिसतं.